अ‍ॅम्बेसेडरचं ऑईल मागून गळतंय म्हणजे क्रँकचं सीलच गेलं, असं नसतंय

गंगाखेडच्या एका भाऊंनी विचारलंय. त्यांच्याकडं वडिलांच्या वेळची 1978 ची अ‍ॅम्बेसेडर मार्क 3 आहे, पेट्रोल, ओरिजनल 1489 सीसी इंजिन. मधे काही वर्षं गाडी वाड्यात नुसती उभी होती, आता परत चालू केली. वर्षभरात दोन मिस्त्री झाले, चेंबरचं, म्हणजे इंजिनखालच्या ऑईलच्या टाकीचं, पॅकिंग बदललं, वरच्या टॅपेट कव्हरचं बदललं, दुसऱ्यानं तर सगळीकडं सिलिकॉन थापलं, तरी रात्री उभी केली की सकाळी इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडाखाली ताटलीएवढा डाग. आता तिसरा मिस्त्री म्हणतोय क्रँकचं, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या इंजिनच्या मुख्य दांड्याचं, मागचं सील गेलंय, इंजिन उतरवावं लागंल, सगळं मिळून 28 हजार. नवरात्रात आईला घेऊन तुळजापूरला जायचंय, तर इंजिन उतरवू का नको, असा प्रश्न आहे.

भाऊ, इतक्यात उतरवू नका. परभणीत माझं गॅरेज आहे आणि अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी, जुन्या जीपा यांच्याच खाली आयुष्य गेलं म्हणलं तरी चालंल, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो. चहा घेऊन वाचा.

तुम्ही विचारलंय इंजिन उतरवू का, पण खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. ऑईल नेमकं कुठून निघतंय हे अजून कुणीच बघितलेलं नाही. दोन्ही मिस्त्र्यांनी जिथं ओलं दिसलं तिथलं पॅकिंग बदललं. आणि ऑईल जिथं टपकतं तिथून ते निघालेलं असतंच असं नाही. वरून निघतं, ब्लॉकच्या अंगावरून खाली उतरतं, समोरून फॅनचा वारा त्याला मागं ढकलतो, आणि शेवटी सगळं येऊन जमतं ते इंजिनच्या सगळ्यात खालच्या मागच्या कोपऱ्यात, म्हणजे बरोबर तुमचा डाग पडतोय तिथं. पुढच्या टायमिंग कव्हरचं ऑईल सुद्धा चेंबरच्या कडेनं वाहत मागं येऊन बेल हाऊसिंगखाली (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं क्लचचं घर) टपकलेलं मी बघितलंय. म्हणून डागावरून निदान करायचं नाही.

आता त्या मागच्या सीलबद्दल. तुमच्या इंजिनात मागं सील नाहीच! हे इंजिन म्हणजे इंग्लंडच्या बीएमसी कंपनीचं बी सिरीज. हिंदुस्थान मोटर्सनं 1959 च्या सुमाराला आधीचं साईड व्हॉल्व्हचं इंजिन काढून हे बसवलं आणि मग पुढं कित्येक वर्षं तेच चाललं. तीन मेन बेअरिंगचा क्रँक आहे. त्या क्रँकच्या मागच्या टोकाला, फ्लायव्हीलच्या अलीकडं, उलट्या आट्यांसारख्या खाचा कापलेल्या असतात. त्याच्याभोवती ब्लॉक आणि मागची बेअरिंग कॅप मिळून एक गोल घर होतं, आणि त्या घरात नि आट्यांमधे फट असते ती काही थाऊचीच, म्हणजे इंचाच्या काही हजाराव्या भागांएवढी. क्रँक फिरायला लागला की त्या आट्या बाहेर येऊ बघणारं ऑईल परत आत ओढून घेतात आणि ते चेंबरात पडतं. रबर नाही, दोरी नाही, काहीच नाही. त्यामुळं तुमच्या मिस्त्र्याला एवढंच म्हणा, मागं जे सील टाकणार त्याचं पाकीट आधी दाखवा. तो बिचारा खोटं बोलत असंल असं मी म्हणत नाही, आजकालच्या पोरांनी मारुती-बोलेरो खोललेली असते, तिथं मागं सील असतंच, म्हणून इथंबी असणार असं त्याला वाटतंय.

एक अट मात्र आहे. इंजिन खरंच ओरिजनल आहे ना हे बघा. आपल्याकडं लई अ‍ॅम्बेसेडर सरकारी लिलावातून आलेल्या आहेत आणि मधल्या मालकांनी डिझेल टाक, परत पेट्रोल टाक असले उद्योग करून ठेवलेत. 1992 नंतरचं इसुझूचं 1817 सीसी इंजिन कुणी आणून बसवलं असंल तर गोष्ट वेगळी, त्याला मागं रबरी सील असतं आणि मग मिस्त्री बरोबर असू शकतो. ओळखायची खूण सोपी आहे, इसुझूचा कॅमशाफ्ट वर हेडमधे असतो, तुमच्या इंजिनाचा खाली ब्लॉकमधे. वरचं कव्हर काढल्यावर रॉकर आणि खालून येणारे पुशरॉड दिसले की समजायचं जुनंच आहे.

आता आटीवाल्या रचनेचं दुखणं समजून घ्या, कारण तिथंच सगळी गोम आहे. सील असलं तर ते थोडाफार दाब सहन करतं, पण आटी दाब सहन करत नाही. क्रँककेसमधे म्हणजे चेंबरच्या वरच्या पोकळीत हवेचा दाब वाढला की तो ऑईलला त्या फटीतून सरळ बाहेर फुंकतो, मग क्रँक कितीबी चांगला असू द्या. आणि नुसतं मागूनच नाही, तोच दाब वरच्या कव्हरच्या कॉर्कमधून, साईडच्या कव्हरमधून, पुढच्या सीलमधून, ऑईलच्या काडीच्या (पातळी बघायची पट्टी) भोकातून, जिथं वाट मिळंल तिथून ऑईल ढकलतो. म्हणून एक पॅकिंग बदललं की गळती दुसरीकडं निघते, आणि माणूस म्हणतो पॅकिंगचा मालच डुप्लिकेट. तुमचं दोनदा काम होऊन गळती तशीच राहिली ना, तिथंच माझा पहिला संशय दाबावर जातो.

हा दाब येतो कुठून? पिस्टनच्या रिंगांपासून थोडा गॅस खाली जातोच, नव्या इंजिनात पण जातो. तो बाहेर पडायला ब्रीदर दिलेला असतो. मॉडेलप्रमाणे जोडणी थोडी बदलते, पण साधारणपणे साईडच्या पुढच्या टॅपेट कव्हरमधून एक नळी निघते, आणि वरच्या कव्हरवरून एक नळी एअर क्लीनरकडं जाते. साईडवाल्या नळीच्या बुडाशी आत तारेची जाळी असते. ती जाळी जळक्या ऑईलच्या चिकट काळ्या गाळानं बुजली की गॅसला वाट राहत नाही. तुमची गाडी काही वर्षं उभी होती म्हणताय, तर नळीच्या तोंडात बोट घालून बघाच. कुंभारीण माशीला असली नळी फार आवडते, मातीचं घर करून तोंड लिंपून टाकते, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं चिखल उडालाय. दुसरा प्रकार माणसानं केलेला. नळीतून धूर येतोय, वास येतोय म्हणून कुणीतरी तिच्यात चिंधी कोंबलेली असते नाहीतर बोल्ट ठोकून बंद केलेली असते. असल्या गाड्या माझ्याकडं अजून येतात. चिंधी काढली, जाळी डिझेलमधे रात्रभर भिजवून साफ केली, की निम्मी गळती तिथंच थांबते.

तुम्ही घरी करू शकाल अशी तपासणी सांगतो. इंजिन चांगलं गरम करा, मंद चालू ठेवा, ऑईल टाकायचं झाकण काढून त्या तोंडावर हलकं ठेवा. किंचित थरथरत जागेवर राहिलं तर ठीक. भक-भक करून उडत असंल, आणि तिथून धुराचे झोत येत असतील, तर आपल्या भाषेत इंजिन बॅक मारतंय. याच्यापेक्षा पक्कं बघायचं असंल तर मेडिकलमधून सलाईनची नवी नळी आणा. एका फळीवर तिचा इंग्रजी यू सारखा आकार करून बांधा, त्यात अर्ध्यापर्यंत हळदीचं पाणी भरा म्हणजे पातळी नीट दिसंल, एक टोक रबराच्या तुकड्यातून ऑईलच्या काडीच्या भोकात घट्ट बसवा, दुसरं मोकळं सोडा. फळी इंजिनपेक्षा खालच्या पातळीला ठेवा, नाहीतर पाणी आत जायचं. नळी फॅन आणि सायलेन्सरपासून लांब ठेवा. आता इंजिन चालू करून थोडं रेस करा. पाणी जेमतेम हललं तर क्रँककेस मोकळा श्वास घेतोय. मोकळ्या बाजूला पाणी चार बोटं वर चढलं तर मग पॅकिंगला दोष देण्यात अर्थ नाही, आधी ब्रीदर साफ करायचा आणि परत मोजायचं. ब्रीदर साफ करूनपण तेवढंच चढत असंल तर रिंगा किंवा बोर गेलेत. तिथं कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधे किती दाब तयार होतो ते, तपासून घ्या. चारी सिलिंडरमधे 10-15 टक्क्यांपेक्षा जास्त फरक असंल, आणि प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल टाकल्यावर कमी असलेला सिलिंडर एकदम वर येत असंल, तर रिंगांचंच काम आहे. मग मात्र इंजिन खोलावं लागंल, पण ते हाफ इंजिनचं, म्हणजे रिंगा बदलायचं अर्ध्या दुरुस्तीचं, काम झालं आणि त्याचं कारण गळती नाही, रिंगा आहेत. खर्चाचा हिशोब पण त्याप्रमाणं वेगळा.

दाब नीट असंल तर मग जागा शोधायची. यात घाई करू नका, एक अख्खा दिवस गेला तरी चालंल. आधी इंजिन धुवायचं. डिस्ट्रिब्युटर, डायनामो, कार्बोरेटरचं तोंड यांना प्लास्टिक बांधा, इंजिन थंड असताना डिझेल आणि ब्रशनं सगळा गाळ काढा, मग साबणाच्या पाण्यानं धुवा आणि पूर्ण वाळू द्या. सिलिकॉनचे जे थर बाहेरून थापलेत ते पण खरवडून काढा, ते नुसते बघायला आहेत, बाहेरून लावलेलं सिलिकॉन ऑईल अडवत नाही. मग बायकोच्या नाहीतर पोराच्या टाल्कम पावडरचा डबा घ्या. जुन्या पातळ धोतराच्या फडक्यात मूठभर पावडर बांधून पुरचुंडी करा आणि ती इंजिनच्या अंगावर हलकं थापटत जा, वरचं कव्हर, साईडची कव्हरं, ब्लॉकची मागची बाजू, टायमिंग कव्हर, चेंबरची कड, सगळं पांढरं झालं पाहिजे. इंजिन उभ्या जागी वीसेक मिनिटं चालू ठेवा, बंद करा, हातातली बॅटरी (टॉर्च) लावून बघा. गाडी लगेच रस्त्यावर नेऊ नका, आपल्याकडची धूळ आणि वारा पावडरचं वाटोळं करतो. पांढऱ्यावर ऑईलची बारीक पिवळसर रेघ उमटते. त्या रेघेच्या मागं मागं वर जायचं. सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढं जिथं ओलं असंल, ती जागा. पहिल्यांदा काहीच नाही दिसलं तर गावात दोन चक्कर मारून परत बघा, काही गळत्या इंजिन तापल्याशिवाय दिसत नाहीत. मे महिन्यात 43-44 डिग्रीला गळणारी गाडी दिवाळीत कोरडी दिसते, ऑईल पातळ होण्याचा फरक आहे तो.

आता तुमच्या लक्षणांवरून माझा अंदाज सांगतो, तो चुकू पण शकतो. माझा संशय साईडच्या टॅपेट कव्हरांवर आहे, त्यातल्या त्यात मागच्या. लई लोकांना ही कव्हरं आहेत हेच माहीत नसतं. कार्बोरेटर-सायलेन्सरच्या बाजूला, मॅनिफोल्डच्या (इंजिनला हवा-पेट्रोल देणाऱ्या आणि धूर बाहेर नेणाऱ्या ओतीव नळ्या) खाली, ब्लॉकवर पत्र्याची दोन कव्हरं आहेत, प्रत्येकी मधे एकच बोल्ट. आत कॉर्कचं पॅकिंग. वर सायलेन्सरचा गरम मॅनिफोल्ड, त्याच्या धगीनं ते कॉर्क वर्षानुवर्षं भाजत राहतं आणि शेवटी बिस्किटासारखं कडक होतं. मागच्या कव्हरमधून निघालेलं ऑईल ब्लॉकला चिकटून सरळ मागं जातं, इंजिनच्या मागच्या प्लेटवर उतरतं, आणि बेल हाऊसिंगच्या तळातून टपकतं. अगदी क्रँकमधून आल्यासारखं दिसतं. तुमच्या दोन्ही मिस्त्र्यांनी वरचं कव्हर केलं, चेंबर केलं, साईडची कव्हरं कुणीच केली नाहीत, कारण त्यासाठी मॅनिफोल्ड काढावा लागतो आणि सायलेन्सरचे स्टड तुटायची भीती असते. ती भीती खरी आहे. दोन दिवस आधीपासून स्टडांवर गंज सोडवायचं ऑईल मारत राहा, आणि इंजिन कोमट असताना नट फिरवा.

ते कव्हर काढल्यावर आधी बाहेर आणून काचेवर नाहीतर सपाट फरशीवर ठेवा. मधला एकच बोल्ट ताणून ताणून कव्हर मधे खोलगट झालेलं असतंय आणि कडा उचललेल्या. लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीनं कड सरळ करा, काचेवर ठेवल्यावर कुठूनच उजेड दिसता कामा नये. कॉर्क नवीन घ्या, आणि दुकानात दोन-चार उन्हाळे पडून आकसलेलं असंल तर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, परत मापात येतं. कव्हरच्या बाजूला चिकटवा, शेलॅक चालंल, आणि ब्लॉकच्या बाजूला नुसतं ग्रीसचं बोट फिरवा. बोल्टखालचा वायसर पण नवा टाका, कव्हरची पॅकिंग चांगली आणि बोल्टच्या भोकातून गळती असंही होतं. आणि बोल्ट आवळताना हात आवरा. कॉर्क जरासं दबलं की बास. आपल्याकडं गळती म्हणलं की लोक पाना घेऊन आवळायलाच लागतात, आणि या इंजिनात निम्म्या गळत्या आवळण्यानंच झालेल्या असतात.

चेंबरचं तेच. पत्र्याचा चेंबर, आवळून आवळून प्रत्येक बोल्टच्या भोकाभोवती पत्रा वर दबलेला असतो, मग दोन बोल्टांच्या मधे पॅकिंग सैल. तुमच्या मिस्त्र्यानं पॅकिंग बदलताना चेंबरची कड ठोकून सपाट केली होती का हे विचारा. नसंल तर पॅकिंग बदललं न बदललं सारखंच. या इंजिनाला चेंबरच्या मोठ्या पॅकिंगशिवाय पुढच्या आणि मागच्या बेअरिंग कॅपच्या खोबणीत कॉर्कच्या दोन पट्ट्या बसतात, त्या विसरतात, किंवा टोकं बरोबरीनं कापून टाकतात. टोकं जराशी वर राहिली पाहिजेत म्हणजे चेंबर दाबल्यावर ती कोपऱ्यात घट्ट बसतात. सिलिकॉन लावायचंच असंल तर फक्त त्या चार कोपऱ्यांत, तेही हरभऱ्याएवढं. बाकी सगळीकडं सिलिकॉनची जाड वळी फिरवली की आतल्या बाजूला पिळून निघालेले तुकडे सुटतात आणि ऑईल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. तुमच्या इंजिनात सगळीकडं थापलंय म्हणताय, म्हणून हे जरा मनावर घ्या, चेंबर पुढं कधी काढाल तेव्हा जाळी बघा. चेंबरचे बोल्ट 6 फूट-पाउंडच्या आसपासच लागतात, म्हणजे छोटा पाना मुठीत न धरता बोटांत धरून आवळायचा. एकदा इंजिन गरम-थंड झालं की परत एक हात फिरवायचा.

वरच्या कव्हरचं पॅकिंग नवीनच आहे, पण त्याच्या दोन नटांखाली जे रबराचे बुश असतात ते बदलले का? जुने चपटे झाले तर नट आवळून तळाला टेकतो पण कव्हर दबतच नाही.

पुढून, म्हणजे पुलीच्या मागून रेघ निघाली तर टायमिंग कव्हरचं सील. पुली बाहेर काढल्यावर तिच्या गळ्यावर नखानं बघा, सीलनं चरा पाडला असंल तर नवं सील दोन महिन्यात परत गळंल. लेथवाल्याकडून चरा पॉलिश करून घ्या, खोल असंल तर बाही चढवून घ्या, नाहीतर सील घरात दीड-दोन मिलिमीटर मागंपुढं बसवा म्हणजे त्याची कड कोऱ्या जागेवर येते. कव्हर बसवताना बोल्ट सैल ठेवून आधी पुली सरकवायची, सील पुलीवर आपोआप मधोमध येतं, मगच बोल्ट आवळायचे. हे न केल्यानं नवं सील एका बाजूनं गळतं. आतल्या ऑईल फेकणाऱ्या चकतीवर एफ अक्षर असंल तर ते पुढच्या बाजूला.

बाकी जागा पटकन सांगतो. ऑईल फिल्टरच्या डब्याची रबरी रिंग, जुनी खोबणीतच राहते आणि वरून नवी बसवतात, मग दाबानं जोरात गळतं. ऑईल प्रेशरच्या नळीचा युनियन. डिस्ट्रिब्युटरचा बुड. चेंबरच्या ड्रेन बोल्टचा तांब्याचा वायसर, तो लालभडक तापवून पाण्यात टाकला की परत मऊ होतो, नवा घ्यायची पण गरज नाही. गाडीला मेकॅनिकल पेट्रोल पंप असंल तर त्याची पॅकिंग, आणि त्याच्याबाबतीत अजून एक, पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल सरळ चेंबरात उतरतं, ऑईल पातळ होतं, पातळी वाढते आणि सगळीकडून गळायला लागतं. काडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा न टाकता ऑईल वाढलं असंल तर गाडी चालवूच नका, आधी पंप. आणि गळणारं ऑईल इंजिनचंच आहे ना हेबी बघा, गिअरबॉक्सचा वास आणि चिकटपणा वेगळा असतो, बोटावर घेऊन काडीवरच्या ऑईलशी ताडून बघितलं की कळतं.

आतापर्यंतचं थोडक्यात: आधी ब्रीदर आणि दाब, मग धुणं आणि पावडर, मग जी जागा दिसंल तेवढंच काम. यातल्या कशासाठीच इंजिन उतरवावं लागत नाही, सगळं गाडीवरच होतं.

एवढं करून सगळं वरून कोरडं, ब्लॉकची मागची बाजू कोरडी, दाब नीट, आणि तरी बेल हाऊसिंगच्या तळाच्या भोकातून इंजिन ऑईल येतंय, तर मग क्रँकची आटी. तिथंही दोन प्रकार. मागच्या कॅपमधून ऑईल चेंबरात परत जायची वाट गाळानं बुजलेली असू शकते, किंवा मेन बेअरिंग घासून क्रँक खाली बसलाय आणि आटीची फट वाढलीय. दुसरं असंल तर गरम इंजिन मंद चालताना ऑईल प्रेशर पण पडलेलं असतं, रेस केल्यावर खालून जड ठोका येतो. प्रेशर चांगलं आहे, ठोका नाही, आणि रात्रीतून दहा-पंधरा थेंब पडतात, तर मी तर गिऱ्हाईकाला सांगतो, खाली पत्र्याचा ट्रे ठेवा आणि गाडी चालवा. या रचनेत उभ्या गाडीतून थोडं टपकणं धरलेलंच आहे, क्रँक फिरत नसताना आटी काय ओढणार. चढावर तोंड करून उभी केली तर ऑईल मागं सरकून अजून टपकतं, तुमच्या वाड्याच्या दारात उतार कसा आहे तेवढं बघा. ऑईल काडीच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त भरायची सवय असंल तर ती पण सोडा.

परदेशात याच इंजिनांसाठी मागं रबरी सील बसवायचे किट मिळतात, पण ते बसवायला अचूक मापाचं काम लागतं, आणि नुसत्या थेंबांसाठी इंजिन उतरवून तो खेळ करावा असं मला वाटत नाही. क्लचच्या कामाला गिअरबॉक्स उतरेल तेव्हा बघा. आणि उतरलाच कधी तर मागची प्लेट काढून तिचं पॅकिंग, कॅमशाफ्टच्या मागचं झाकण आणि ऑईल गल्लीचा डाट हे तिन्ही बघून घ्या, आटीवर आळ येतो आणि चोर यातला एक असतो.

गळती बंद करायच्या बाटल्या मिळतात, ऑईलमधे टाकायच्या. त्या रबर फुगवतात. तुमच्याकडं मागं रबरच नाही तर फुगणार काय? पुढच्या सीलला चार दिवस फरक पडंल. पैसे वाचवा. ऑईल मात्र 20डब्ल्यू-50 मिनरलच वापरा, पेट्रोल पंपावरच्या पोराच्या सांगण्यावरून नव्या गाड्यांचं पातळ सिंथेटिक टाकू नका.

इंजिन लगेच उतरवावं लागंल अशा गोष्टीपण आहेत, त्या लपवत नाही. क्लच सरकायला लागला, म्हणजे चढाला इंजिन ओरडतंय पण गाडी ओढत नाही, तर ऑईल क्लच प्लेटवर गेलंय. किंवा प्रेशर पडलेलं आणि ठोका. आणि ऑईल सायलेन्सरवर पडून धूर-जळका वास येत असंल तर ती जागा तुळजापूरच्या आधी बंद करायचीच, तिथं आग लागू शकते, त्यात थांबायचं नाही.

हे काही नसंल तर नवरात्रात खुशाल जा. परळी, अंबाजोगाई, लातूर करत जाल ना, तर डिक्कीत त्याच ग्रेडचं दोन लिटर ऑईल ठेवा. अंबाजोगाईला आणि लातूरला सपाट जागेवर गाडी उभी करून दहा मिनिटांनी काडी बघा आणि किती टाकावं लागलं ते वहीत लिहा. जाऊन-येऊन अर्ध्या लिटरच्या आत असंल तर मी त्या गाडीला हात लावणार नाही.

तोपर्यंत पावडर मारून मॅनिफोल्डच्या खालच्या बाजूचे फोटो काढून पाठवा, एक पुढून आणि एक मागून, आणि सलाईनच्या नळीत पाणी किती चढलं ते सांगा. साईडचं कव्हर निघालं तर कॉर्क कुठं, कसलं मिळंल ते त्यावेळी बघू.